कोणती प्रत पाहिली?

मणी कौल यांच्या 'उसकी रोटी'बद्दल (१९६९) पन्नासहून अधिक वर्षं एकच तक्रार चालत आली आहे : यात काही घडतच नाही. बालो नवऱ्याची भाकरी घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहते आणि उभीच राहते. ही तक्रार ऐकली की मला एकच विचारावंसं वाटतं. कोणती प्रत पाहिली?

कौल आणि छायालेखक के. के. महाजन यांनी हा चित्रपट दोन भिंगांवर उभा केला आहे, २८ मिमी आणि १३५ मिमी. पहिल्यात जवळची बाई, मधलं झाड आणि दूरचा रस्ता सगळं एकाच वेळी धारदार दिसतं. दुसऱ्यात फक्त चेहरा धारदार, मागचं सारं विरघळलेलं. एक भिंग बालोच्या प्रत्यक्ष जगाचं, दुसरं तिच्या मनातल्या जगाचं, आणि चित्रपट पुढे सरकतो तशी ही वाटणी उलटीपालटी होत जाते. म्हणजे घडतं ते इथे घडतं, धारदारपणाच्या या फरकात. व्हीएचएस टेपवर जेमतेम २४० रेषांचा तपशील मावतो. तशा टेपवरून उतरवलेल्या प्रतीत दोन्ही भिंगांतलं सगळंच सारखं पुसट दिसतं. त्या प्रतीत खरोखरच काही घडत नाही. तक्रार खरी आहे, फक्त ती चित्रपटाबद्दलची नाही.

समीक्षकाचं मत त्याने पाहिलेल्या प्रतीवरचं असतं. हे चित्रकलेत कुणाला सांगावं लागत नाही, कॅलेंडरवरचं चित्र पाहून मूळ तैलचित्रावर कुणी निकाल देत नाही. सिनेमाबद्दल मात्र आपण 'अभिजात', 'कल्ट', 'कंटाळवाणा' असे शिक्के कुठल्याशा अपलोडवरून मारतो. जुन्या आणि वेगळ्या वाटेच्या चित्रपटांवर लिहिणाऱ्या प्रत्येकाने लेखाच्या सुरुवातीला तीन गोष्टी सांगाव्यात असं माझं ठाम मत आहे : प्रत कोणती, किती मिनिटांची, आणि कोणत्या चौकटीत, म्हणजे रुंदी-उंचीच्या कोणत्या प्रमाणात, पाहिली. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, घरबसल्या तपासता येतं.

आधी लांबी. चित्रपटाच्या आरंभी सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं, ते बहुतेक जण पुढे सरकवतात. तिथे थांबा. त्यावर रिळांची संख्या आणि लांबी लिहिलेली असते. ३५ मिमीची फिल्म सेकंदाला २४ चौकटी या वेगाने मिनिटाला ९० फूट, म्हणजे २७.४ मीटर धावते. लांबी मीटरमध्ये असेल तर २७.४ ने भागा, फुटांत असेल तर ९० ने. ३,२९० मीटर म्हणजे १२० मिनिटं. तुमच्या पडद्यावरची प्रत ११५ मिनिटांची असेल तर बहुधा काही कापलेलं नाही. ती पाल पद्धतीच्या व्हिडिओवरून आली आहे, जिथे २४ ऐवजी २५ चौकटी धावतात आणि सगळं चार टक्के घाईत होतं. या घाईत आवाजही चढतो. काळी एक ते पांढरी दोन एवढ्या अंतराच्या सुमारे ७० टक्के पट्टी वर जाते. 'संत तुकाराम'मध्ये (१९३६) विष्णुपंत पागनीसांच्या अभंगांना जो संथ, घरगुती ठेहराव आहे, तो अशा प्रतीत हरवतो आणि ऐकणाऱ्याला नेमकं काय बिनसलं ते सांगताही येत नाही.

प्रत १०८ मिनिटांची असेल तर मात्र १२ मिनिटं गायब आहेत. ती कुठून गेली हेही शोधता येतं. वाहिनीच्या वेळेसाठी कापलेल्या प्रतीत गाणी जातात, नाहीतर ज्यात कुणी बोलत नाही अशी दृश्यं जातात. थिएटरात झिजलेल्या प्रतीत रिळांची टोकं जातात. एक रीळ साधारण १,००० फुटांचं, म्हणजे अकरा मिनिटांचं. प्रोजेक्टरवर चढवता-उतरवताना टोकाच्या चौकटी फाटतात, फाटलेलं कापून पुन्हा जोडलं जातं, आणि दर खेळागणिक आणखी थोडं जातं. म्हणून वेगळ्या वाटेच्या चित्रपटात अचानक उडी दिसली तर घड्याळ बघावं. तशाच उड्या साधारण अकरा-अकरा मिनिटांनी येत असतील, आणि उडीच्या जरा आधी चौकटीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात गोल ठिपका चमकून गेला असेल, तर ती दिग्दर्शकाची शैली नव्हे. तो प्रोजेक्टरचा घाव आहे. त्याला 'तुटक आख्यानपद्धती' म्हणून नावाजणं जितकं चूक, तितकंच त्यावरून संकलकाला नावं ठेवणं.

मग चौकट. इथे सगळ्यात जास्त नासधूस होते. जुने चित्रपट १.३७ : १ या जवळजवळ चौरस आकारात आहेत. घरचा टीव्ही १.७८ : १ असतो. काळ्या पट्ट्या दिसू नयेत म्हणून चित्र मोठं करून पडदा भरला की उंचीतला सुमारे २३ टक्के भाग वरून-खालून उडतो. डोक्यावरचं पागोटं जातं, खाली पायही जातात. न कापता नुसतं आडवं ताणलं तर माणसं बुटकी आणि रुंद होतात. सिनेमास्कोपचं, म्हणजे रुंद पडद्याच्या चित्रपटांचं, याउलट. २.३५ : १ चं चित्र जुन्या ४ : ३ च्या टीव्हीसाठी कापलं तर ४३ टक्के रुंदी जाते. 'कागज के फूल' (१९५९) हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. गुरुदत्त आणि व्ही. के. मूर्ती यांनी त्या रुंदीचा उपयोग गर्दी भरायला केला नाही, रितेपण दाखवायला केला. ओसाड स्टुडिओ, वरून तिरपा येणारा प्रकाशाचा झोत, त्यात दोन माणसं, आणि त्यांच्यामधलं अंतर. कापलेल्या प्रतीत हे अंतरच जातं. उरतात दोन दुःखी चेहरे. 'कागज के फूल' भावविवश आहे असं जो म्हणतो त्याच्याशी मी वाद घालीन, पण पूर्ण रुंदीची प्रत पाहून झाल्यावर.

रंगाचं थोडक्यात सांगतो. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या ईस्टमन जातीच्या रंगीत प्रिंटांत निळसर-हिरवा रंगद्रव्याचा थर सर्वांत आधी उडतो आणि सगळं गुलाबी-तांबूस होत जातं. आकाश गुलाबी आणि झाडं तपकिरी दिसत असतील तर ती सांज नाही, विटलेली प्रिंट आहे. रात्रीची दृश्यं दिवसासारखी वाटत असतील, तर फिल्मवरून व्हिडिओ करताना कुणीतरी सगळंच उजळ करून ठेवलं आहे.

आवाजाबद्दल मात्र थांबून बोललं पाहिजे, कारण इथे नुकसान सुधारणेच्या नावाखाली होतं. व्ही. शांताराम यांच्या 'कुंकू'त (१९३७) पार्श्वसंगीत नाही. आवाज आहेत ते त्या घरातले : घड्याळाचा, दाराचा, भांड्यांचा, ग्रामोफोनचा. बोलपट सुरू होऊन सहाच वर्षं झाली होती, आणि त्या काळात एवढा मोठा निर्णय घेण्याचं धाडस प्रभातने दाखवलं. नायिका नीरेच्या कोंडमाऱ्याचं अर्धं वजन या आवाजांवर आहे. आता त्या काळच्या ध्वनिपट्टीत खरखर असणारच. ती काढायला संगणकाचं गाळण जोरात लावलं की खरखरीबरोबर खोलीचा श्वासही जातो आणि संवादांमध्ये पोकळ, मेलेली शांतता उरते. त्याहून वाईट म्हणजे एकपदरी आवाजाला ५.१ मध्ये, म्हणजे चहूबाजूंच्या सहा स्पीकरांवर, पसरवून नवीन पावलं, नवे दरवाजे, नवा वारा घालणं. असं केलेला 'कुंकू' ऐकून शांतारामांच्या ध्वनिविचारावर कुणी एक वाक्यही लिहू नये.

चित्राच्या बाबतीत हाच अपराध दोन तऱ्हांनी होतो. एक म्हणजे फिल्मचे रवे पुसून टाकणं. कृष्णधवल फिल्मवरचं चित्र चांदीच्या रव्यांनी बनलेलं असतं. रवे म्हणजे घाण नव्हे, तेच चित्र आहे. ते पुसले की चेहरे मेणाचे होतात, कापडाचा पोत जातो. चेहऱ्यावर सुरकुती आहे पण रंध्रं नाहीत, असं दिसलं की समजावं. दुसरी तऱ्हा रंग चढवण्याची. 'मुघल-ए-आझम' (१९६०) हा मुख्यतः कृष्णधवल आणि काही रिळं रंगीत असा चित्रपट आहे. 'प्यार किया तो डरना क्या'ला शीशमहल रंगांत उजळतो, तेव्हा तो अनारकलीच्या बंडाचा रंग असतो. करड्या दरबारातून आलेल्या प्रेक्षकाच्या अंगावर तो रंग येतो. २००४ साली सगळा चित्रपट रंगवला गेला आणि हा क्षण नाहीसा झाला. शीशमहलातही रंग आणि त्याआधीही रंग. तांत्रिक मेहनत प्रचंड होती, हे मान्य. पण के. आसिफ यांनी रचलेली घटना त्यात नाही, आणि माझ्या दृष्टीने ती आवृत्ती 'मुघल-ए-आझम' नाही.

"चांगला चित्रपट कशाही प्रतीत चांगलाच दिसतो," असं यावर म्हटलं जातं. काही चित्रपटांबद्दल हे खरं आहे आणि त्यातच खरी गोम आहे. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) धुरकट टेपवर, कापलेल्या चौकटीत, पत्र्यासारख्या आवाजातही हसवतो, कारण त्याचा प्राण संवादात आणि नटांच्या टायमिंगमध्ये आहे. 'जाने भी दो यारो'चंही (१९८३) तसंच. दूरदर्शन आणि व्हिडिओ कॅसेटच्या वाईट प्रतींतूनच तो घराघरांत पोचला. हे दोन्ही चित्रपट त्यांच्या कीर्तीला पुरेपूर लायक आहेत. पण त्यांच्या शेजारी कोण नाही ते पाहा. ज्यांचा प्राण प्रकाशात, अंतरात, शांततेत आहे, ते चित्रपट त्याच टेपवर मरतात. म्हणजे आपली 'कल्ट' यादी रसिकांनी एकट्यांनी ठरवलेली नाही, वाईट प्रतींनीही तिची निवड केली आहे. संवादांचे चित्रपट गाळणीतून खाली आले, दृश्यांचे वर अडकले. मग आपण म्हणतो, की आपल्या प्रेक्षकाला ऑफबीट पचत नाही. त्याला ते नीट वाढलं कधी?

नीट वाढलं की काय होतं याचं ताजं उदाहरण 'तुंबाड' आहे. २०१८ साली थिएटरात तो बेताचाच चालला. २०२४च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई केली. मधल्या काळात लोकांनी तो फोनवर पाहिला होता, तरी तो अंधार आणि तो पाऊस मोठ्या पडद्यावर पाहायला ते पैसे मोजून आले. 'तुंबाड'ची डिजिटल प्रत शाबूत होती म्हणून हे घडलं.

प्रत शाबूत नसली तर? कमल स्वरूप यांचा 'ओम दर-ब-दर' १९८८ सालचा. तो थिएटरात लागला २०१४ साली, एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाने नवी प्रत तयार केल्यावर. मधली पंचवीस वर्षं तो टेपांवरून आणि फायलींवरून फिरला, त्यावर दंतकथा तयार झाल्या. हा मुद्दाम निसटता ठेवलेला चित्रपट आहे. जाहिरात, पुराण, विज्ञान आणि शालेय निबंध यांची भाषा तो एकमेकांवर आदळवतो. अशा चित्रपटात कळलं नाही ते दिग्दर्शकामुळे की ऐकू आलं नाही म्हणून, हे वाईट प्रतीवरून ठरवताच येत नाही. स्वच्छ प्रतीत संवाद लख्ख ऐकू येतात तेव्हा लक्षात येतं, की यातला विनोद किती काटेकोर आहे. त्याला 'अगम्य' म्हणणारी जुनी मतं आता पुन्हा तपासायला हवीत, आणि त्याला केवळ 'अगम्य' म्हणून डोक्यावर घेणारीही.

'घाशीराम कोतवाल'चं (१९७६) तर पुण्याने मनाला लावून घ्यावं. तेंडुलकरांचं नाटक, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांची 'युक्त' ही सहकारी संस्था, दिग्दर्शनात मणी कौल, कमल स्वरूप, के. हरिहरन आणि सईद मिर्झा अशी चार नावं, आणि ओम पुरींचा पडद्यावरचा घाशीराम. या चित्रपटाची प्रत टिकली ती बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेकडे, आणि तिच्यावरूनच पुढे डिजिटल प्रत तयार झाली. पेशवाईच्या पुण्यावरचा मराठी चित्रपट जर्मनीतल्या एका कपाटाने वाचवला.

'प्रत' हा प्रश्न नुसता दर्जाचाही नाही. प्रभातचे अनेक चित्रपट मराठी आणि हिंदीत वेगवेगळे चित्रित झाले, डब नव्हे. 'शेजारी' आणि 'पडोसी' (१९४१) यांत मुसलमान शेजारी मिर्झा दोन्हीकडे गजानन जागीरदार आहेत, पण त्यांचा हिंदू शेजारी मराठीत केशवराव दाते आणि हिंदीत मझहर खान. हिंदीत मुसलमान नट हिंदू झाला आणि हिंदू नट मुसलमान, ही अदलाबदल स्वतःच एक विधान आहे. ती मराठीत नाही. मराठीत आहे ते दात्यांचं मापून केलेलं काम. 'पडोसी' पाहून 'शेजारी'वर लिहिता येणार नाही.

'शोले'चं (१९७५) उदाहरण सगळ्यांत ताजं. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार करतो. सेन्सॉरने हरकत घेतली आणि ऐनवेळी पोलीस येतात तो शेवट चित्रित झाला. २०२५ साली फिल्म हेरिटेज फाउंडेशनने केलेल्या रिस्टोरेशनमध्ये मूळ शेवट परत आला आणि तो चित्रपट जूनमध्ये इटलीतल्या बोलोन्यात दाखवला गेला. कॅमेऱ्यातली मूळ निगेटिव्ह व्हिनेगर सिंड्रोमने, म्हणजे फिल्म सडून व्हिनेगरचा वास येतो त्या रोगाने, खराब झाली होती, ७० मिमीची एकही प्रिंट उरलेली नव्हती. लंडनच्या एका गोदामात सापडलेल्या साहित्याचा आधार घ्यावा लागला. हा मूळ शेवट नैतिकदृष्ट्या अधिक प्रामाणिक आहे : ज्याचे हात कापले त्याने पायांनी सूड घेणं, आणि मग रिकामं होऊन रडणं. तरीही पोलीस येणारा शेवट आता फेकून द्यावा असं मला अजिबात वाटत नाही. पन्नास वर्षं देशाने तोच पाहिला. आणीबाणीच्या पहिल्या महिन्यांत कायद्याची लाज कशी राखली गेली त्याचा तो पुरावा आहे. दोन्ही प्रती जपल्या पाहिजेत आणि दोन्ही पाहायला मिळाल्या पाहिजेत.

आता सार्वजनिक प्रश्नाकडे. 'उसकी रोटी'ला पैसा फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनचा, म्हणजे लोकांचा होता. मराठी चित्रपटांना राज्याचं अनुदान मिळतं, तोही लोकांचाच पैसा. पण पुस्तक छापलं तर १९५४च्या कायद्यानुसार त्याची प्रत ग्रंथालयांत जमा करावी लागते. चित्रपटासाठी असा कायदा आपल्याकडे नाही. फ्रान्समध्ये आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली पुण्यात उभं राहिलं ते पी. के. नायर यांच्यासारख्या माणसांनी गावोगाव डबे शोधत फिरून. तेराशेहून अधिक मूकपटांपैकी आपल्या हाती तीसही राहिले नाहीत. फिल्ममधली चांदी काढून विकण्यासाठी प्रती वितळवल्या गेल्या, उरलेल्या, सहज पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मला आगी लागल्या. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यातही लागली.

राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेला जवळपास ५९७ कोटी रुपये मंजूर झाले आणि त्यातून मोठं काम सुरू झालं. पण स्कॅन केलेली फाईल सर्व्हरवर पडून राहिली तर प्रेक्षकाच्या दृष्टीने तो चित्रपट अजून जळालेलाच आहे. भारतात चित्रपटावरचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो. कथा आणि गीतांचे हक्क स्वतंत्रपणे तपासावे लागतात, पण प्रभातची सगळी कारकीर्द या मुदतीबाहेर गेली आहे. मग मूळ चौकटीतल्या, मूळ लांबीच्या, प्रमाणपत्रासकट असलेल्या प्रती संग्रहालयाने लोकांसाठी खुल्या का करू नयेत? खराब अपलोडना हटवत बसण्यापेक्षा हा उपाय सोपा आहे. टेपवरून अपलोड करणाऱ्या कित्येकांनी चित्रपट निदान विस्मृतीतून वाचवला आहे, त्यांच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. चांगली प्रत समोर आली की वाईट आपोआप मागे पडते.

नव्या चित्रपटांसाठी मागणी आणखी निकडीची आहे. अनुदानाचा शेवटचा हप्ता मिळण्याआधी निर्मात्याने या गोष्टी जमा केलेल्या असाव्यात : कुलूप नसलेला डीसीपी (थिएटरात दाखवायची डिजिटल प्रत), पूर्ण दर्जाची मास्टर फाईल, संवाद-संगीत-ध्वनी वेगवेगळ्या पट्ट्यांवर, उपशीर्षकं, आणि हे सगळं एलटीओ टेपच्या (डिजिटल माहिती साठवायच्या चुंबकीय टेपच्या) दोन प्रतींवर, दोन वेगळ्या शहरांत. हार्ड डिस्क कपाटात ठेवून भागत नाही, न फिरवता पडून राहिलेली डिस्क एके दिवशी सुरूच होत नाही. एलटीओही कायमचा नसतो. एलटीओ-८ चं यंत्र फक्त ७ आणि ८ या पिढ्यांच्या टेपा वाचतं, त्यामुळे दर काही वर्षांनी नव्या पिढीवर उतरवणं आलंच. दोन तासांच्या चित्रपटाचं ४के स्कॅन, चौकटीमागे सुमारे ५० एमबी धरली तर, साडेआठ टेराबाइटच्या पुढे जातं. हा खर्च एकट्या निर्मात्याला झेपत नाही, म्हणूनच तो अनुदानात धरायला हवा. चांगल्या थंडाव्यात ठेवलेली १९७०ची निगेटिव्ह आजही स्कॅन होते. २०१०च्या चित्रपटाची डिस्क उघडेल याची खात्री कोण देईल? सगळ्यांत कोवळा वारसा गेल्या वीस वर्षांचा आहे.

उशीर झाला तरी काही हाती लागतं, हे 'पथेर पांचाली'ने दाखवलं. १९९३ साली लंडनच्या प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत होरपळलेली निगेटिव्ह कुणी फेकली नाही, म्हणून वीस वर्षांनी बोलोन्यातल्या तंत्रज्ञांना तिच्यातला सुमारे ४० टक्के भाग परत वापरता आला. 'मंथन'च्या (१९७६) रिस्टोरेशनच्या वेळी ध्वनीची निगेटिव्ह खराब निघाली, तेव्हा जपून ठेवलेल्या एका ३५ मिमी प्रिंटवरून आवाज घेतला गेला. पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून केलेला तो चित्रपट एका प्रिंटमुळे पुन्हा बोलला.

म्हणून ज्यांच्या घरी, गोदामात, बंद पडलेल्या थिएटरच्या माळ्यावर डबे आहेत त्यांच्यासाठी. फिल्म प्रोजेक्टरवर चढवून पाहू नका, आकसलेली फिल्म दातांत फाटते. डबा हवेशीर जागी उघडा. व्हिनेगरचा वास आला तर फिल्मचा पाया असलेलं ॲसिटेट सडायला लागलं आहे. तो डबा इतरांपासून वेगळा करा, कारण त्याची वाफ शेजारच्या फिल्मलाही लागते. फिल्मच्या कडेला 'सेफ्टी' असा इंग्रजी शब्द छापलाय का ते पाहा. 'नायट्रेट' दिसलं, किंवा काहीच दिसलं नाही आणि फिल्म १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची असली, तर ती घरात ठेवू नका, विजेच्या दिव्याजवळ नेऊ नका, संग्रहालयाला कळवा. गंजलेले डबे बदला, पण डब्यावरची चिठ्ठी आणि आतले कागद फेकू नका, रीळ कोणतं आणि प्रयोगशाळा कोणती ते त्यावरूनच कळतं. डबे आडवे ठेवा, उभे नाही. आणि 'हे तर फक्त ट्रेलर आहे', 'हा तर फक्त आवाज आहे' असं म्हणून काही वेगळं काढू नका.